आमच्या निरोपाला नववी नव्हती

दहावीला निरोप द्यायचा तो नववीनं, हे आमच्याकडं ठरलेलं. नववीची मुलं आदल्या दिवशी वर्ग झाडतात, पताका लावतात, मुली रांगोळी काढतात. दुसऱ्या दिवशी दहावीची मंडळी नवे कपडे घालून पाहुण्यांसारखी येऊन बसतात. पोहे नववीचे, भेटीचं पेन नववीचं, रडायचं काम तेवढं दहावीचं. आमच्या वेळी मात्र शाळेत नववीच नव्हती. आठवीही नव्हती. सबंध शाळेत एकच वर्ग उरला होता, तो आमचा, आणि आम्ही बाहेर पडलो की शाळेला कुलूप लागणार होतं.

आठवी ते दहावीची आमची शाळा जानेफळच्या पुढं, फाट्यावरून आत. गावाचं नाव सांगत नाही, कारण यात गावाला बोल लावण्यासारखं काही नाही. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात यायला लागली, टाय बांधलेली शेजारची पोरं तीत चढायला लागली, तर कोणत्या आईबापाला मोह होणार नाही? आम्ही नववीत गेलो त्या वर्षी आठवी भरलीच नाही. पुढच्या वर्षी आम्ही दहावीत, आणि मागं सगळा शुकशुकाट. सकाळच्या प्रार्थनेला एवढ्या मोठ्या मैदानात आमची एक रांग उभी राहायची. सावधान-विश्राम म्हणणाऱ्यालाच हसू यायचं.

माझे बाबा त्याच शाळेत मराठी शिकवायचे. शाळेत त्यांना सर म्हणायचं आणि घरी बाबा, हा नियम मी तीन वर्षं पाळला, एकदाही चुकले नाही. उन्हाळ्यात तिथले शिक्षक घरोघर फिरून पोरं मागायचे. भर उन्हात, डोक्याला दुपट्टे बांधून. ओट्यावर बसवून पाणी दिलं की गावकरी हमखास विचारायचे, "सर, तुमची पोरगी कुठी हाये?" मग बाबांची मान ताठ व्हायची. "आपल्याच शाळेत," ते म्हणायचे. मी म्हणजे कापडाच्या दुकानाबाहेर टांगलेला नमुन्याचा सदरा होते. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि याचा राग मला पुष्कळ होता.

आईलाही होता. मला तालुक्याच्या गावी, मेहकरच्या शाळेत घालावं म्हणून तिनं घरात पुष्कळ आदळआपट केली. बाबांचं एकच, "मास्तरच जर आपली पोरगी दुसरीकडं पाठवते, तर लोकाईनं काऊन इथं पाठवाव?" मग नाव इथंच घातलं. पण आम्ही नववीत असताना विज्ञानाचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. शाळाच बंद पडायची आहे, मग माणूस कशाला, असा वरचा हिशेब. विज्ञानाच्या तासाला जे कुणी शिक्षक मोकळे असतील ते येऊन बसायचे आणि आम्ही आळीपाळीनं पुस्तक वाचायचो. प्रकाशाचं परावर्तन आम्ही कवितेसारखं मोठ्यानं म्हटलंय. कळलं कुणालाच नाही.

तेव्हा आई अडून बसली. शाळा तुमची, शिकवणी माझी, असं म्हणून तिनं मला मेहकरला विज्ञानाची रविवारची शिकवणी लावली. दर रविवारी गाडीवरून मला नेऊन सोडायचे मात्र बाबाच. कुणी विचारलं तर मावशीकडं जाते म्हणायचं, असं आईनं सांगून ठेवलं होतं. मावशी मेहकरलाच राहायची आणि शिकवणी सुटली की आम्ही तिच्याकडं जेवायचो, त्यामुळं ते अगदीच खोटंही नव्हतं. घरातल्या घरात असं चालून जातं.

माझ्या बाकावर जी मुलगी बसायची तिच्या घरी भाजीपाल्याची शेती. मेथी, पालक, वांगी. शाळेत येताना तिच्या हाताला मेथीचा वास असायचा. गावात लहान पोरांना लस द्यायला एक नर्स यायची, तिचं हिला भारी वेड. मधल्या सुट्टीत माझ्या दंडाला रुमाल बांधून ही पेनच्या टोपणानं सुई टोचायची आणि म्हणायची, "दुखलं नाई न? दुखूच देत नाई मी." तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी अकरावीला सायन्स घ्यायचं हे तिनंच कुठून तरी माहीत करून घेतलं होतं. पण विज्ञानाचा पेपर हातात आला की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. सराव परीक्षेत ती कशीबशी पास झाली. माझे मार्क पाहून तिला आनंदच व्हायचा, असल्या स्वभावाची ती.

तर निरोप. आदल्या दिवशी आम्हीच वर्ग झाडला, आम्हीच पताका लावल्या, आणि आम्हीच आमच्यासाठी दारात सुस्वागतम् काढलं. "आपलंच लगन अन् आपणच वाढपी," वर्गातला एक मुलगा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी पोहे केले, त्यात शेंगदाणे जळाले. मग एकेकानं उठून शाळेच्या आठवणी सांगितल्या. वानरानं कुणाचा डबा पळवला, कुणी भिंतीवरून उडी मारताना पँट फाडली, सहामाहीला कोण वर्गात घोरला. आम्ही पोट धरून हसलो. हसता हसताच रडायला येत होतं, कारण या आठवणी पुन्हा सांगायला ही जागा राहणार नव्हती. इतर शाळांतली मुलं मोठी झाल्यावर आपल्या शाळेत जाऊन येतात. आम्ही कुठं जाणार होतो?

मग माझ्या बाकावरची ती उठली. तिला बोलायची सवय नव्हती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलली. "मले इंग्लिश शाळेत टाकाचं चाललं होतं. गाडीवाल्याले इचारूनबी झालं होतं. पण माय म्हणे, सरांची सोताची पोरगी ज्या शाळेत हाये ते शाळा खराब कशी असन? म्हणून मी इथं आली. मले त्याचं वाईट नाई वाटत. सायन्समंदी मी ढ हाये, पण त्यात शाळेचा काही दोष नाई. सरांची पोरगी माह्याच बाकावर बसते, तेच पुस्तक वाचते, तिले कसे मार्क पडतात? म्हंजे कमी माह्याच डोक्यात हाये. सरांनी वाईट वाटून नाई घ्याचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, वाजवता वाजवता बाबांकडं पाहिलं आणि हात थांबले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. शेवटचं भाषण दरवर्षी त्यांचंच असायचं. लांबलचक, म्हणी पेरलेलं, शेवटी सगळ्यांना रडवणारं. या वर्षीचं तर ते आठवडाभर मनात घोळवत होते, जेवतानाही त्यांचे ओठ हलायचे. ते उठले, आमच्याकडं पाहिलं, "पोहे खाऊन जा सगळे," एवढंच म्हणाले आणि बसले. सरांना गहिवरून आलं, असं मुलांना वाटलं.

घरी जाताना गाडीवर मी मागं बसले होते. शाळेत शुद्ध बोलणारे बाबा गाडीवर बसले की वऱ्हाडीत यायचे. फाट्याजवळ त्यांनी गाडी हळू केली आणि मागं न पाहता विचारलं, "तुले इथं ठेवून मी चुकलो काय बाई?"

तीन वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. किती कडक उत्तरं मी मनात तयार करून ठेवली होती. पण त्यांच्या पाठीकडं पाहून मी म्हणाले, "नाई बाबा."

"तुह्यं नाई इचारत," ते म्हणाले. "तुले मेहकर होतं. तिले कोण होतं?"

मला आधी रागच आला. इतक्या वर्षांनी विचारलं, तेही दुसरीसाठी. मग तो राग गेला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. आमच्या घराचं वळण आलं तरी गाडी वळली नाही. सरळ तिच्या घरी गेली.

तिची आई अंगणात बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. सर घरी आले म्हटल्यावर तिची धांदल उडाली. "या न सर, या न, बसा." मैत्रीण आतून खुर्ची घेऊन आली, ओढणीनं पुसली, आणि चहा ठेवायला पळाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. आपल्या भाषणावर खूश होऊन सर आले, असं तिला वाटलं असणार. चहा येईपर्यंत तिची आई म्हणाली, "सर, आता तुमच्या पोरीले अकरावीले कुठी टाकता? आमचीलेबी तिथंच टाकतो. तुमी पाह्यली ते जागा चांगलीच असन."

बाबा म्हणाले, "ताई, माह्या पोरीकडं पाहून काही करू नका. माही पोरगी दर इतवारी मेहकरले सायन्सच्या शिकवणीले जाते. शाळेत शिकवणारं कोणी नव्हतं, मले माहीत होतं. मी तुमाले सांगतलं नाई."

मला वाटलं, ही बाई आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती उलट बाबांचीच समजूत घालायला लागली. "असू द्या न सर. ज्याले जमते त्यानं लावाव शिकवणी. आमच्या पोरीचं डोकंच तसं हाये, त्याले तुमी काय करसान?"

मैत्रीण दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं पाहतच नव्हती, बाबांकडं पाहत होती. "म्हंजे मी ढ नाई, सर?"

"नाई बाई," बाबा म्हणाले. "तू ढ कधीच नव्हती."

मला वाटलं, आता तरी हिला आनंद होईल. तिचे डोळे भरून आले. "मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"सरांशी असं बोलतेत का?" तिची आई तिच्यावर खेकसली.

"बोलू द्या ताई," बाबा म्हणाले. तिनं कप आमच्यासमोर ठेवले आणि आईशेजारी बसून जुड्या बांधायला लागली.

परीक्षेपर्यंत जे रविवार उरले होते, त्यांतल्या प्रत्येक रविवारी बाबांनी मेहकरला जाण्याआधी तिलाही शिकवणीला न्यायला तिच्या दारात गाडी थांबवली. ती एकदाही आली नाही. तरी निकालात विज्ञानाला तिला माझ्याहून थोडेच कमी मार्क पडले, घरात एकटीनं बसून अभ्यास करून. सायन्सला सहज जागा मिळाली असती. बाबा सांगायलाही गेले. तिनं अकरावीला आर्ट्स घेतलं. "मले नाई जमणार, सर," म्हणाली. आपण ढ नाही, हे आता सगळ्यांना पटलं होतं. तिला सोडून.