आईच्या नावाचा पत्ता

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी एक छोटं ॲप लिहिलं. लॅपटॉपच्या वरच्या पट्टीत त्याचं चिन्ह दिसायचं. त्यात एखादं नाव टाइप केलं की त्या नावाचं वेबपान उघडायचं. ही नावं कुठल्याही कंपनीच्या ताब्यात नसतात. जो आधी नोंदवेल, नाव त्याचं. नंतर ते कुणालाच काढून घेता येत नाही.

दाखवायला मी आईचं नाव निवडलं. ती तुमसरच्या बाजारात मासोळी विकते. गावात तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे माझी माय म्हणूनच ओळखतात. मी ते नाव अहवालात छापलं आणि मेसमध्ये सगळ्यांना, फोनवर आईलाही सांगितलं. नोंदवायचं मात्र राहू दिलं. आमच्याकडे तलावावर एकानं संध्याकाळी म्हटलं, "उद्या मी इथं जाळं टाकतो," की दुसरा तिथं फिरकत नाही. नाव बोलून दाखवलं म्हणजे ते माझं झालं, असं मला खरंच वाटलं होतं.

परीक्षेच्या सकाळी पाहिलं तर नाव कुणीतरी आधीच नोंदवलेलं. बाजूच्या बाकावरचा वर्गमित्र हसला. "तूच त सांगत होता ना बे, पहिले येईल त्याचं."

परीक्षेत मी सरांसमोर दुसरंच नाव उघडलं. मागून तो वर्गमित्र म्हणाला, "सर, अहवालात त्याच्या आईचं नाव आहे. ते उघडायला सांगा ना."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवालाचं पान उलटून पाहिलं. "टाक."

मी टाकलं. प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतीवर आई आली. टोपलीमागं बसलेली, पायाखाली विळी, पदर घसरलेला. तो फोटो मीच कधीतरी त्या वर्गमित्राला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'वास आला तर समजा, इंजिनिअर आला.'

वर्ग हसला. आमच्या वर्गाच्या मॅडमनी तोंडावर रुमाल धरला.

"ॲप चुकीचं पान उघडतंय?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर. बरोबर उघडतंय."

"मग एवढं एक नाव अडव ना. दोन ओळींचं काम आहे."

"सर... नाव कुणालाच अडवता येत नाही, असं मी अहवालात लिहिलंय."

"म्हणजे ॲप उत्तम," ते गुण लिहीत म्हणाले. "आईचं तू बघ. पुढचा कोण?"

मला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. ते पान काढायला सांगावं असं एकही ऑफिस नव्हतं. वर्गमित्राला विनवलं तर म्हणाला, "पासवर्ड विसरलो यार."

दुपारी आईचा फोन आला.

"पास झाला का रे?"

"हो."

"अन् माह्या नावाचं ते उघडलं का?"

"उघडलं."

 ती लाजत म्हणाली, "घरी आला का मले दाखवजो. बाजारातल्या सगळ्या बायायले सांगून ठेवलं आहे मी."