घरात प्रशासक बसला

किस्से जमवायला कुठे हिंडावं लागत नाही. घरात एकच कॉम्प्युटर ठेवा, तो पाच जणांना वापरू द्या आणि पासवर्ड मात्र सुनेच्या हातात ठेवा. पुढचं आपोआप होतं!

आमच्या यवतमाळच्या घरातली ती सून म्हणजे मी. लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे माउस कसा धरायचा हे घरात सगळ्यांना मीच शिकवलं. सुरुवातीला सगळे एकाच खात्यातून वापरत. मग माझा दीर नितीन याने कुठूनशी एक गेम आणून टाकली. गेमसोबत व्हायरस आला आणि आमच्या लग्नाचे निम्मे फोटो घेऊन गेला.

मी सगळं पुसून नव्याने टाकलं आणि ज्याचं त्याचं खातं वेगळं केलं. माझं अॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे काही नवीन टाकायचं, काढायचं, बदलायचं ते मीच. बाकी सगळे लिमिटेड. नवरासुद्धा!

"वहिनी, हे कोणाले इचारून केलं?" नितीनचा चेहरा उतरला होता.

"व्हायरसले इचारून," मी म्हटलं.

* * *

खरी पंचाईत झाली मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. गावाकडच्या सहकारी जिनिंग-प्रेसिंग सोसायटीचे ते बरीच वर्षं चेअरमन होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग थंड पडलं, शेवटी संचालक मंडळ बरखास्त झालं आणि तिथे सरकारी प्रशासक आला. तेव्हापासून 'प्रशासक' हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नसे.

आणि मी मोठ्या हौसेने त्यांना नवीन खाती दाखवायला बसवलं! त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या नावाखालचं इंग्रजी अक्षर अक्षर वाचलं.

"अॅडमिनिस्ट्रेटर. म्हंजे प्रशासकच ना?"

"हो, मामाजी."

"म्हंजे घरातबी बसवला!"

मग त्यांनी स्वतःच्या नावाखालचं वाचलं. लिमिटेड. सोसायटीच्या पाटीवर शेवटी 'मर्यादित' असतं, तेच हे, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"सूनबाई, सोसायटी मर्यादित होती. मी नव्हतो!"

त्यानंतर बरेच दिवस ते कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. शिवाय वेळ अगदी चुकीची होती. राळेगावच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी मला मिळत होती आणि मला ती मनापासून हवी होती. नवऱ्याची ना नव्हती, पण रोज एसटीने जायचं-यायचं म्हणजे मामाजींचा होकार लागणार. मी विचारलं, तर ते "पाहू" म्हणाले.

"सोसायटीत बाबा 'पाहू' म्हणले की तो विषय खलास," नितीनने मला दिलासा दिला!

* * *

हा नितीन काही स्वस्थ बसणारा नव्हता. विंडोजमध्ये एक अॅडमिनिस्ट्रेटर जन्मजातच असतो, समोर दिसत नाही आणि त्याचा पासवर्ड बहुतेक कोणी ठेवत नाही. पठ्ठ्याने तो शोधून काढला, त्यातून आत शिरला आणि स्वतःला बढती देऊन मोकळा झाला. मला कळलं ते डेस्कटॉपवर पुन्हा तीच गेम दिसली तेव्हा.

"वहिनी, मागचं दार तुम्हीच उघडं ठेवलं होतं," तो वर तोंड करून म्हणाला.

"म्हणून तर कळलं ना, कोण येऊन राह्यलं ते!"

मी त्या दाराला कुलूप लावलं, म्हणजे पासवर्ड ठेवला, आणि नितीनची बढती काढून घेतली.

* * *

सासूबाईंना फक्त भजनं ऐकायची असत आणि उरलेले फोटो पाहायचे असत. त्यांना कशाला वेगळं खातं, म्हणून त्यांचं तेवढं केलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही गेस्टमध्ये जात जा."

"गेस्ट म्हंजे?"

"पाहुणे."

झालं! सासूबाई खुर्चीवरून उठल्याच. "चूल माही, घर माहं, अन् मीच पाहुनी काहून वं?"

त्यांचं खातं मी उभ्या उभ्या तयार केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, तर सासूबाई त्यांना ऐटीत म्हणाल्या, "बसा ना! तुमच्यासाठी पाहुन्याचं येगळं खातं ठेवलं आहे." पाहुण्यांचे कप वेगळे ठेवतात, तसंच!

* * *

आमच्या यांनी एकदा प्रिंटर आणला, आणि त्याच दिवशी दोन मित्रही आणले. मित्रांपुढे जोडायला बसले, तर स्क्रीनवर आलं की तुम्हाला तेवढा अधिकार नाही. शेवटी स्वयंपाकघराकडे हाक आली, "अवं, पासवर्ड!"

मी कणकेचे हात धुऊन आले आणि म्हटलं, "तोंड तिकडे करा."

ते मुकाट्याने भिंतीकडे वळले. त्यांच्यामागे दोघे मित्रही वळले! प्रिंटर सुरू होईपर्यंत तिघे कॅलेंडरवरची एकादशी वाचत उभे होते.

* * *

नोकरीचं मात्र 'पाहू'च्या पुढे सरकत नव्हतं. सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं आणि शनिवार उजाडला. आज नाही तर कधीच नाही, असं ठरवून मी मामाजींकडे गेले. पाहते तर ते कॉम्प्युटरसमोर! लाइट जाऊन जाऊन त्याचं घड्याळ मागे पडलं होतं, ते नीट करायला बसले होते. स्क्रीनवर इंग्रजी पाटी आली होती.

"काय म्हणते हे?" त्यांनी विचारलं.

"वेळ बदलायचा अधिकार तुम्हाला नाही म्हणते."

"घड्याळाचाबी नाही?"

मी माझा पासवर्ड टाकला आणि वेळ बरोबर केली. मामाजींनी मनगटावरच्या घड्याळाशी ती ताडून पाहिली. तेवढ्यात मी विचारलंच.

"मामाजी, सोमवारपासून राळेगावला जाऊ का?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि स्क्रीनवरच्या माझ्या नावाकडे पाहत राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "प्रशासक बसल्यावर बरखास्त मंडळाले कोणी इचारते का?"