घरमालकीणबाई आणि त्यांचं चर्च

आमच्या घरमालकीणबाईंना 'नाही' म्हणू शकेल असा माणूस अख्ख्या व्हर्जिनियात जन्मला नव्हता, आणि जन्मला असता तर पुढच्या रविवारी तोही त्यांच्या चर्चमध्ये खुर्च्या मांडताना दिसला असता. हर्नडनला त्यांच्या घराच्या तळमजल्यावर मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो ते दोन हजार दोन साल होतं आणि मी बेंचवर होतो. कंपनी अमेरिकेत आणते आणि मग द्यायला प्रोजेक्टच नसतं, त्या अवस्थेला आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत बेंच म्हणतात. पुण्याला फोनवर मी आईला "फार बिझी आहे गं" असं सांगत असे. बाईंना मात्र आठवडाभरातच सगळं कळलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या, मोतीबिंदूमुळे गाडी चालवणं बंद झालेल्या बाई एका शनिवारी जिना उतरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "तुला काम नाही, मला ड्रायव्हर नाही. उद्या नऊ वाजता चर्चला निघायचं."

"पण मी हिंदू आहे," मी म्हणालो.

"मग? हिंदूंच्या गाडीला ब्रेक वेगळा असतो का?"

त्यांचं चर्च एपिस्कोपल पंथाचं, पांढऱ्या लाकडाचं, आणि इतकं लहान की बाहेरून ते कुणाचं तरी गॅरेज वाटावं. तरीही मागचे बाक रिकामेच असत. वेदीवर फुलं ठेवणं, चांदीचा पेला घासणं, प्रार्थनेनंतरची कॉफी करणं आणि पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की मोठ्यांदा खोकणं, ही सगळी खाती बाईंकडे होती. मी बाहेर गाडीतच थांबणार होतो. थंडी होती म्हणून आत गेलो, मग कॉफीसाठी जाऊ लागलो, आणि कधीतरी घंटेची दोरी माझ्या हातात आली ती सुटेचना.

नाताळच्या नाटकात बाळ येशूला भेटी द्यायला पूर्वेकडून येणारे तीन शहाणे असतात. त्यातला एक तापाने आजारी पडला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू पूर्वेचाच आहेस."

"पण शहाणा?"

"ते प्रेक्षकांना कुठे माहितीये?"

आईने दिवाळीसाठी बॅगेत कोंबलेला जरीचा झब्बा घालून, हातात भेटीचा डबा घेऊन मी बाळ येशूसमोर वाकलो आणि वाक्य साफ विसरलो. डबा ठेवला, आणि सवयीने उजवा तळवा पुढे करून प्रसादाची वाट बघत उभा राहिलो. मेरी झालेल्या छोट्या मुलीने गोंधळून खिशातलं चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं. पुढे कित्येक रविवार मंडळी मला 'चॉकलेटवाला शहाणा' म्हणत.

ईस्टरच्या आधी त्यांचे उपासाचे दिवस येतात. मी आमच्या उपासाचा मोठेपणा सांगायला साबुदाण्याची खिचडी करून नेली. बाईंनी परत परत वाढून घेतली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "याला उपास म्हणत असाल तर तुमचं जेवण केवढं असेल!" त्या दिवसांत प्रत्येकाने आवडतं काहीतरी सोडायचं असतं. बाईंनी मला रागावणं सोडलं. फार वाईट दिवस गेले ते. मी भलत्या वेळी घंटा वाजवली तरी त्या ओठ घट्ट मिटून नुसत्या बघायच्या. ईस्टरच्या सकाळी प्रार्थना संपते न संपते तोच त्यांनी साठलेलं सगळं एका दमात ऐकवलं, आणि मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

उन्हाळ्यात पाद्रीबाबा निवृत्त झाले. चर्च चालू ठेवावं की शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये मिसळावं, हे ठरवायला बिशप येणार असं कळलं. बाईंचा खोकलासुद्धा बंद झाला. मग माझ्यातला मॅनेजर जागा झाला. बेंचवरचे सगळे दोस्त मी बाईंच्या हातच्या पीच पायची, म्हणजे पीचचं सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाची, लालूच दाखवून गोळा केले. "चर्चमध्ये झोप लागली तर चालते का बे?" एवढंच त्यांच्यातल्या एका नागपूरकराने विचारलं. त्या रविवारी बाक भरले. बिशप खूश झाले, आणि नेमके नागपूरकरासमोर थांबून त्यांनी विचारलं, "तुम्हाला या चर्चकडे कशाने ओढून आणलं?"

"पाय, सर," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पीचचा."

बिशप खो खो हसले. मी जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होतो. परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "देवाच्या घरात खोटी गर्दी जमवतोस? मूर्ख आहेस." मग गाडीतून उतरताना, "पण मुलं छान होती हो."

शरद ऋतूत निर्णय आला. चर्च बंद होणार. नाताळाची तयारी सुरू होण्याआधीचा रविवार शेवटचा. आदल्या दिवशी बाई चांदीचा पेला किती तरी वेळ घासत बसल्या होत्या. तो आता दुसऱ्या चर्चच्या कपाटात जाणार होता.

त्याच आठवड्यात मला प्रोजेक्ट मिळालं होतं. शेवटची प्रार्थना झाली, बाईंनी दाराला कुलूप लावलं, गाडीत येऊन बसल्या. मी कसंबसं सांगितलं, "मला काम मिळालं. टेक्सासला, अर्विंगमध्ये. पुढच्या आठवड्यात निघायचंय."

"मिळालं एकदाचं!" त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "वर्षभर दर रविवारी गुडघे टेकून तेच मागत होते." मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "चर्चसाठी मागायचं राहूनच गेलं बघ."

त्यांच्या घराचं वळण आलं. मी ते घेतलं नाही, गाडी तशीच सरळ पुढे नेली. बाईंना ते दिसलं असणार. पण त्यांनी मला वळायला सांगितलं नाही.