तराफ्यावरची नवरी आणि डुकराचे जंत

पकोक्कूच्या बाजारामागच्या गल्लीत दॉ सॉ यिनचं भाड्याच्या पुस्तकांचं दुकान होतं. त्या दुकानात दिवसभर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'शी'. गिऱ्हाईक दारात उभं राहून वाचून झालेलं पुस्तक पुढे करायचं. बाई ते दोन नखांच्या चिमटीत धरायची, नाकापासून हातभर लांब न्यायची आणि पान उलटायच्या आधीच म्हणायची, "शी. हे काय लावून आणलंयस?"

"काय की बाई. आधीपासूनच होतं."

'आधीपासूनच होतं' हे उत्तर तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की आता तिला त्या शब्दांचाही वास यायचा. पुस्तकांत तिला काय काय सापडायचं ते सांगायला बसलो तर जेवण जाणार नाही. चुन्याची बोटं, विड्याची पिंक, गालावरून पानावर उतरलेला थनाख्याचा पिवळा लेप, मोहिंग्याच्या शेवया आणि वाळलेला रस्सा. एकाने खूण म्हणून माशाचा काटा ठेवला होता. हा माणूस रस्त्यात भेटला तर तुमच्याआमच्यासारखाच दिसायचा, याचं तिला फार वाईट वाटे.

दुकान तिच्या वडिलांनी काढलेलं. लहानपणी ती फळीखाली बसून हाताला लागेल ते वाचायची. भुतांच्या गोष्टी, खुनाच्या गोष्टी, विहीर कशी खणावी, चीनला चालत गेलेल्या माणसाची हकिकत, सगळं एकाच भुकेने. मग विशीत असताना एका कादंबरीत राजकन्या दार उघडणार, एवढ्यात तिने पान उलटलं. आत पाल होती. चपटी, कोरडी, चारी पाय पसरलेली. त्या दिवसापासून लोकांच्या हातून परत आलेलं पुस्तक तिने वाचलं नाही. नवं पुस्तक आलं की बाहेर जायच्या आधी पहिली पाचसात पानं वाचायची, तेवढीच. त्यामुळे तेव्हापासून आलेल्या शेकडो गोष्टींच्या सुरुवाती तिला माहीत होत्या आणि शेवट एकाचाही नाही. मटण न खाणाऱ्या खाटकासारखी ती दुकान चालवत होती.

आणि आता तेही बंद होणार होतं. भाचा को टुन लिन मंडालेहून पावसाळ्यात आला, रिकाम्या बाकाकडे बघितलं आणि मंडालेच्या ऐटीत बोलला, "आत्या, वाचतंय कोण आता? इथं टीव्ही लावू, व्हिडिओ लावू, बाकडी मांडू. तू नुसतं गल्ल्यावर बसायचं. बघायला पुस्तक नाही, पुसायला घाण नाही."

त्या शेवटच्या वाक्यावर ती हो म्हणाली. मग घरोघर निरोप धाडले: पुस्तकं आणून द्या, रद्दीवाल्याला घालायची आहेत. लोकांनी दिली. रात्री झोपताना मात्र तिला ती सगळी कपाटं रिकामी दिसायची आणि छातीत काहीतरी अडकायचं. पित्त असेल, असं ती स्वतःला सांगायची.

दोन पुस्तकं आली नाहीत.

दोन्ही एकाच पेटीतली. उन्हाळ्यात गुरांचा सरकारी डॉक्टर वारला, त्याच्या बायकोने त्याची पुस्तकांची पेटी हिच्या गळ्यात मारली. आमच्याकडे भाड्याचं पुस्तक आहे तसं देत नाहीत. आधी ते उसवायचं, शिवलेल्या पानांचे फर्मे सुटे करायचे, जाड दोऱ्याने पुन्हा शिवायचं, वर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर जुनं कॅलेंडर. नाहीतर एका पावसाळ्यात पुस्तक हे जग सोडतं. तर तिने पेटी उघडली, वरची दोन पुस्तकं काढली आणि खाली झुरळांची अंडी बघून झाकण आपटलं. ती दोन तिने नाकावर टॉवेल बांधून, मान दुसरीकडे वळवून कशीबशी उसवली आणि तशीच शिवली. एक कादंबरी, 'तराफ्यावरची नवरी'. दुसरं 'डुकरांच्या पोटात काय चालतं'. नवरी नेली आंबवलेल्या मासळीची ङापी विकणाऱ्या मा ओन तिनने. डुक्कर नेलं डुकरं पाळणाऱ्या ऊ फो लोनने.

शेवटी ती स्वतः मासळीच्या ओळीत गेली. या ओळीत पाय ठेवायला लागू नये म्हणून ती कित्येक वर्षं सुके मासे शेजारणीकरवी मागवत होती. मा ओन तिन आंबलेल्या ङापीच्या दोन ढिगांच्या मधे मांडी घालून बसलेली, मांडीवर पुस्तक, भोवती बायका. एक खवले काढत होती, एक दुसरीच्या डोक्यातल्या उवा बघत होती.

"या या बाई. बसा पाटावर. ओला नाहीये, नुसता दमट आहे."

"बसायला नाही आले. पुस्तक दे."

"कसं देणार? नवरा पाण्यात आहे अजून."

"कुणाचा?"

"आता कुणाचा काय. नवरीचा." मा ओन तिनने पुस्तक उचललं. ती भाव ओरडल्यासारखं वाचायची, शब्द तोडून, प्रत्येक शब्द शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचेल असं. "काळोख! दाटला. तराफा! वाळूत रुतला. तो म्हणाला, घाबरू नकोस. आणि! त्याने पाण्यात उडी टाकली. तिने हाक मारली." तिने पान उलटलं. पान चिकटलं होतं, ते सुटताना आवाज आला आणि दॉ सॉ यिनने खांद्यावरचा टॉवेल नाकाशी धरला. "नर जंत मादीपेक्षा आखूड असून त्याचं शेपूट वळलेलं असतं."

"आम्हाला वाटलं, लेखकाला नवऱ्याबद्दल काही सुचवायचं असेल," खवलेवाली म्हणाली.

"शी," दॉ सॉ यिन म्हणाली.

"आम्हीपण आधी शीच म्हटलं बाई. पण ऐका तर. तो जंत आतड्यातून निघतो, यकृतात जातो, फुप्फुसात जातो, तिथून खोकल्याबरोबर घशात येतो, आणि गिळला की पुन्हा आतड्यात. एवढं गाव फिरून परत तिथंच."

"माझ्या दिरासारखं," उवा बघणारी बोलली.

"रोज दुपारी थोडं वाचते मी यांना. आता ओळीतलं कुणी डुक्कर खात नाही, पण ऐकायला येतात सगळ्या. काल तर दोनदा वाचायला लावलं. तेवढं औषध किती घ्यायचं ते यात नाहीये, आणि नवऱ्याचं काय झालं तेही नाहीये. उरलेलं द्या की."

दॉ सॉ यिनने टॉवेलाआडून वाकून बघितलं. शिवण तिची होती, दोरा तिचा, गाठही तिचीच. अर्धं पुस्तक एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. वडिलांच्या हयातीत दुकानातून असं पुस्तक गेलं नव्हतं. ङापीचा वास, उवा, जंत हे सगळं होतंच, पण त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त किळस आली ती आपल्या वळवलेल्या मानेची.

पुस्तक तिथंच सोडून ती परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊ फो लोन दुकानात उभा. काखेत पुस्तक, एका गालात विड्याचा लिंबाएवढा गोळा.

"आँ," तो म्हणाला. "थाँब." बाहेर गेला, गटारात पिंक टाकली, परत आला. "पुस्तक दिलंस का चेष्टा केलीस? अर्धं डुक्कर, अर्धी बाई."

"मग तेव्हाच परत का नाही आणलंत?"

"कसं आणू? पिल्लांना औषध किती पाजायचं ते नीट सांगितलंय. पुढलं पान उलटलं तर ती त्याचे ओले केस पुसतेय." त्याने गोळा दुसऱ्या गालात घेतला. "केस पुसून झाल्यावर काय होतं ते बघायला नको?"

"बघितलंत ना?"

"तीनदा. पण ती आली कुठून, हा ओला कशाने झाला, सासू बोलत का नाही, काही पत्ता लागत नाही. म्हातारीला वाचून दाखवलं, ती म्हणते, आधी भांडण झालं असणार. मी म्हणतो नाही. घरात आठवडाभर त्यावरूनच भांडण. आधीचं दे."

"आधीचं मासळीच्या ओळीत आहे. दोन्ही मला द्या, उसवते, नीट लावते, आणि दोन्ही रद्दीत घालते. आज दुपारी टुन लिन टीव्ही घेऊन येतोय. विषय संपला."

"रद्दीत?" हे ऊ फो लोन बोलला नाही. दारात मा ओन तिन होती, पुस्तक छातीशी धरून, मागे ओळीतल्या चारजणी, आणि त्यांच्या मागे त्यांचा वास. "म्हणजे आमचं डुक्कर उसवणार तुम्ही?"

"अगं, ते डुक्कर तुझं नाहीच. ते याचं."

"मग माझी बाई?" ऊ फो लोन म्हणाला. "बाई काढायची नाही हां. मी सांगून ठेवतो."

"तुमच्याकडे औषधाचं पान आहे का हो?" खवलेवाली त्याला विचारत होती. "माणसाला चालतं का ते?"

"डुकराला चालतं."

"मग माझ्या नवऱ्याला चालेल."

दॉ सॉ यिन स्टुलावर बसली. तिच्या स्वच्छ दुकानात, रॉकेलने पुसलेल्या फळीपाशी, पाच ओल्या लुंग्या आणि एक विड्याचं तोंड उभं होतं. तिने वडिलांच्या फोटोकडे बघायचं टाळलं. एवढ्यात कुणीतरी खाली वाकलं.

"ही पेटी कसली?"

"हात लावू नकोस. झुरळं आहेत."

"झुरळं तर काय, आमच्याकडे पाहुणी असतात." पेटी बाहेर ओढली गेली, झाकण उघडलं, झुरळं चारी दिशांना पळाली, आणि दॉ सॉ यिन स्टुलावर चढली. खाली बायका पुस्तकं झटकून झटकून वर काढत होत्या, भाजी निवडावी तशी.

"हे काय गं? मधमाश्या कशा पाळाव्या. हे घे. हे खुनाचं दिसतंय, वर सुरी आहे."

"हा माणूस सायकलवरून डोंगरापर्यंत गेला म्हणे. कशाला गेला असेल?"

"बायको बडबडी असेल. ते बघ, आकाशातल्या चांदण्या. आणि हे धक्क्यावरच्या भुताचं. भूत नको, मला रात्री बाहेर जावं लागतं."

"तुरुंगातली हकिकत. दात का पडतात. अरे, हा डॉक्टर होता का सर्कस?"

ऊ फो लोनने चांदण्यांचं पुस्तक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणि विडा चघळणं विसरला. स्टुलावरून दॉ सॉ यिनला त्याच्या खांद्यावरून पान दिसलं. वाळवीने पोखरलेलं, पिवळं, कुणाच्या तरी बोटाचा काळा डाग. त्या डागाशेजारी लिहिलं होतं की आपण बघतो त्या कित्येक चांदण्या केव्हाच विझून गेल्या असतील. तिला पुढचं वाक्य वाचायचं होतं. त्याने पान उलटलं.

"ते पान मागे घ्या," ती बोलून गेली.

"आँ?"

"काही नाही."

"आधी नवरी पुरी करू," मा ओन तिन म्हणाली आणि जमिनीवरच बसली. सगळ्या बसल्या. तिने आपलं अर्धं मोठ्याने वाचलं, तराफा रुतेपर्यंत, हाक मारेपर्यंत. ऊ फो लोन ऐकताना मान हलवत राहिला. "भांडण नव्हतं. मी म्हणत होतो." मग त्याने आपलं पुस्तक उघडलं, तोंड उघडलं, आणि लाल थुंकी हनुवटीवर आली.

"तुम्ही नको," सगळ्या एकदम म्हणाल्या.

"मग ही वाचेल."

"मी शब्द शब्द जुळवत बसेन, नवरा बुडेल तोवर." मा ओन तिनने ते पुस्तक घेतलं आणि वर, स्टुलाकडे धरलं. "बाई, तुम्ही वाचा. तुमचं तोंड तेवढं रिकामं आहे."

पुस्तकाचा पुठ्ठा ओलसर होता. त्याला डुकरांच्या गोठ्याचा वास होता आणि आता ङापीचाही. वर एक केस चिकटला होता, माणसाचा नव्हता. दॉ सॉ यिनने ते घेतलं. चिमटीत धरून चालेना, पानं मिटत होती. शेवटी तिने ते दोन्ही तळहातांत धरलं. अंगावर काटा आला तो मानेपर्यंत गेला. तिने जंतांची पानं ओलांडली, आपली वेडीवाकडी शिवण ओलांडली.

"'तो काठावर आला तेव्हा पहाट होत होती,'" तिने वाचलं. आवाज आधी चिरका निघाला. "'तिने खांद्यावरची ओढणी काढली आणि त्याचे ओले केस पुसायला घेतले. तो म्हणाला, मी गेलो असं वाटलं ना तुला? ती म्हणाली, नाही. मला वाटलं, आता सासूला काय सांगू.'"

"बघ," उवावाली म्हणाली. "खरी बाई आहे."

"गप गं. वाचा."

ती वाचत गेली. एका पानावर लाल डाग नेमका वाक्यावर पडला होता. "शी," ती म्हणाली, ऊ फो लोनकडे बघितलं, पुस्तक उजेडाकडे तिरकं धरलं, आणि डागाआडचे शब्द शोधून काढले. पहिल्या पाच पानांच्या पुढे माणसं काय करतात ते ती विशीनंतर पहिल्यांदा बघत होती.

बाहेर सायकलरिक्षा थांबली. को टुन लिन उतरला, सीटवर गोधडीत बांधलेला टीव्ही, हातात वायरींचं भेंडोळं. दारात येऊन त्याने नाक धरलं.

"आत्या, हा काय वास? आणि रद्दीवाला आला नाही? कपाटं तशीच? रिक्षावाला खोळंबलाय, मी हा टीव्ही ठेवू कुठं?"

दॉ सॉ यिनने ओळीवर बोट ठेवलं, हरवू नये म्हणून. ते बोट पानाला चिकटलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, पण बोट काढलं नाही.

"मांडीवर ठेव," ती म्हणाली. "नाहीतर मंडालेला परत ने, मला टीव्ही नको. सासू आत्ताच दार उघडतेय. बसायचं तर बस, जायचं तर जा. दारातला उजेड अडवू नकोस."