कढईवरचा चेंडू

फोन किरनापूरहून आला. पलीकडे देवकाची भाची होती. नावगाव सांगायच्या भानगडीत न पडता ती एवढंच म्हणाली, "मौसी, बुआ नहीं रही." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. महिना होत आला त्याला. अजूनही कोणी बालाघाटहून किरनापूरला निघालं की माझ्या तोंडून जातं, देवकाकडे डोकावून या...

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका गिरणीने मुलींचा फुटबॉल संघ काढला होता. त्यात आम्ही दोघी बालाघाटकडच्या. हजेरी सूतखात्यात लागायची, काम मैदानावर, आणि महिन्याला पगार! खेळायचा पगार मिळतो, हे आमच्याकडे कोणाला खरंच वाटायचं नाही. देवका बचावफळीत होती आणि मी राखीव, म्हणजे खरं सांगायचं तर बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या राखणारी. म्हणूनच तिचा खेळ माझ्याइतका निवांत कोणी पाहिलेला नाही. समोरची मुलगी चेंडू घेऊन उधळत आली की ही जराशी वाकून, तिरकी उभी राहायची आणि हळूहळू मागे सरकायची. पाय घालायची घाई नाही. शेवटी ती मुलगीच कंटाळून चेंडू किंचित पुढे ढकलायची, आणि तेवढ्यात देवकाचा पाय तिथे पोचलेला असायचा. टाळ्या मात्र पलीकडे गोल मारणारीला. मला याचा भारी राग यायचा, तिला नाही. "माहं काम झालं न," म्हणायची आणि जागेवर जायची.

तिच्या वडिलांचं किरनापूरच्या बाजारात जिलबीचं दुकान. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. आई नसलेल्या पोरीला चड्डी घालून खेळायला नागपूरला धाडलं म्हणून लोकांनी त्यांना काय कमी ऐकवलं? ते ऐकून घ्यायचे आणि कढईत झारा फिरवत राहायचे. पण मुलीचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या वर्षी आमचा संघ सामन्यासाठी बालाघाटलाच आला, तेव्हा भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा. माझ्या बाकामागे, दोरीपलीकडे बसले. आपल्या मुली कोणत्या जाळीकडे धावताहेत ते त्यांनी पहिल्या अर्ध्यात नीट पाहून ठेवलं. मध्यंतरात चहा प्यायला गेले. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सामना संपत आला होता, बरोबरी होती. डावीकडून चेंडू आला. देवकाच्या मागे समोरच्या संघातली मुलगी टपलेली. देवकाने पाय घातला... आणि चेंडू तिच्या नडगीला लागून आमच्याच जाळीत गेला. ती मटकन खाली बसली. आमच्या मुली डोक्याला हात लावून उभ्या होत्या, आणि काकाजी दोरी ओलांडून मैदानात शिरले होते. डोक्यावर दुपट्टा फिरवत नाचत होते. "माह्या पोरीनं मारला! पाह्यलं काय? माह्या पोरीनं!" देवकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली, त्यांच्याजवळ आली आणि हसली. सामना संपल्यावर काकाजींनी आमच्या मॅनेजरकडे तो चेंडू मागितला. मॅनेजर आधीच भडकलेला, त्याने चेंडू त्यांच्या अंगावर फेकल्यासारखा दिला. काकाजींना वाटलं, बक्षीस मिळालं.

आठवडाभरात देवकाला संघातून काढलं. मॅनेजर अगदीच वाईट नव्हता. होळीनंतर येऊन खेळून दाखव, मग बघू, असंही म्हणाला होता. पण काकाजी पेटले. "गोल मारणाऱ्या पोरीले घरी धाडते? त्याइच्या दारात माही पोरगी पुन्हा पाय नाही ठेवणार." त्या गिरणीचं कापडसुद्धा त्यांनी पुढे अंगाला लावलं नाही. मी तिला न्यायला किरनापूरला गेले, तेव्हा ती दुकानामागे मैदा भिजवत होती. मी म्हटलं, काकाजींना खरं काय ते सांग, एका मिनिटाचं काम आहे. तुला जमत नसेल तर मी सांगते. तिने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं. "माहा बाप जिंदगीत एकडाव नाचला वं. राहू दे."

होळी आली नि गेली. देवका पुन्हा कोणत्याच संघात खेळली नाही.

काकाजींनी तो चेंडू जाळीच्या पिशवीत घालून दुकानात कढईच्या वर टांगला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला जिलबीबरोबर तो गोल ऐकवायचे, आणि त्याच चेंडूखाली बसून देवका जिलब्या काढायची. ते गेले तेव्हा मला वाटलं, आता तरी ती हे लोढणं उतरवेल. तिने पिशवीची कुजलेली दोरी तेवढी बदलली. मला आजही त्या गोष्टीचा त्रास होतो, आणि कोणावर रागवावं ते कळत नाही. तीन वर्षांत तिने अडवलेल्या चेंडूंपैकी एकही कुठे टांगलेला नाही. टांगलेला आहे तो एवढाच...

परवा जाऊन आले. दुकान चालू आहे, भाची बसते. चेंडू धुराने आणि तुपाने काळा झालाय, शिवण दिसत नाही. मला चहा देताना तिने वर पाहिलं. "मौसी, बुआनं याच बॉलनं गोल मारलता न? कसा मारलता? आजोबा तं मी लहान होती तवाच गेले, अन् बुआ कधी सांगेच नाही."

"हौ, याच," मी म्हणाले आणि स्टूल पुढे ओढून सांगायला बसले. सामना संपत आला होता, बरोबरी होती. डावीकडून चेंडू आला. देवकाच्या मागे एक मुलगी टपलेली होती, आणि देवकाने पाय घातला... इथवर सगळं खरं सांगितलं.