ब्यूडलीतली ओळखीची माणसं

"तिकडचे लोकं कसे हायेत व, जाईबाई?"

गल्लीतल्या बाया विचारायच्या आणि जाईबाई पाय लांब करून सांगायची, "चांगले हायेत माय. मार्गारेट हाये, आर्थर हाये. एक जोन म्हनून हाये, तिले कुत्र्याइचा लय लळा."

बायांना वाटायचं, सहा महिन्यांत हिनं केवढा गोतावळा जमवला. शेजारी बसलेले देवराव खाली मान घालून सुपारी कातरत राहायचे. मार्गारेट, आर्थर, जोन ही तिन्ही माणसं मेलेली होती. जाईबाई त्यांना कधीच भेटली नव्हती. पण इंग्लंडमध्ये तिची ओळख झाली ती एवढ्याच लोकांशी.

आता तीही त्यांच्यातच गेली. देवराव एकटे उरले.

देवराव खंडारे नोकरीभर शहानूर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. अंजनगाव सुर्जीच्या शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं, रात्री-बेरात्री कुणी कालव्याचं दार फोडलं तर भांडण निस्तरायचं. मुलगा सुगत नर्सिंगला अमरावतीला आला, म्हणून रहाटगाव रस्त्याला दोन खोल्या बांधल्या. सुगत शिकला आणि इंग्लंडला निघून गेला. खोल्या राहिल्या. त्यात आधी दोघं होती.

सुगत ब्यूडली नावाच्या गावात राहतो. सेव्हर्न नदीच्या काठाला लागून जुनी विटांची घरं, एक दगडी पूल आणि पुलाखालून न बोलता जाणारं पाणी. आईबाप सहा महिन्यांसाठी गेले तेव्हा सुगतनं त्यांना गावचं संग्रहालय दाखवलं. पूर्वी तिथं खाटकांची दुकानं होती. भिंतीवरच्या पाट्या वाचून तो सांगत होता. एके काळी हे मोठं बंदर होतं. समुद्राकडून होड्या यायच्या, इथं माल उतरायचा, घोड्यांच्या पाठीवर लादून आतल्या गावांना जायचा. खलाशांच्या लोकरी टोप्या इथंच तयार व्हायच्या. मग अडीचशे वर्षांपूर्वी एक कालवा खोदला गेला. तो नदीला मिळाला थोडा खाली, दुसऱ्याच जागी. होड्या तिकडं गेल्या. ब्यूडली होतं तिथंच राहिलं.

"म्हनजे पाटानं गाव खाल्लं," देवराव म्हणाले.

"हाव. पन म्हनूनच जुनं टिकलं बाबा. आता लोकं पाहाले येतेत."

"पाहाले येतेत म्हनजे संपलंच न गाव."

जाईबाईनं त्यांना कोपर मारलं. "पोराच्या गावाले नावं ठेवू नका."

गाव संपलेलं नव्हतं. रविवारी माणसं यायची, काठावर आइस्क्रीम खायची, बदकांना दाणे टाकायची. वाफेची जुनी रेल्वे होती, ती निवृत्त लोक हौसेनं चालवायचे. थंडीत नदी चढली की काठानं पाणी अडवायला पत्रे उभे करायचे आणि त्यांच्यामागे चहाची दुकानं सुरूच असायची. फक्त देवराव आणि जाईबाईला तिथं काही काम नव्हतं. सुगत शेजारच्या गावातल्या दवाखान्यात कामावर. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. आला की झोपायचा. लग्नाचं नाव काढू द्यायचा नाही. मग ही दोघं नदीवर जायची.

नदीकाठी बाकं होती, भरपूर. पण बहुतेक बाकांवर पितळेची पाटी आणि पाटीवर कुणाचं तरी नाव. दोघांनीही मनाशी धरलं, ही बाकं ज्यांची त्यांची आहेत. कुणाच्या ओट्यावर न विचारता बसायचं नाही, हे दोघांनाही लहानपणीच शिकवलं गेलं होतं. एकदा शिकवून भागलं होतं. तेव्हा ती दोघं चालत राहायची. पाय दुखले की पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहायची. असे कितीतरी आठवडे गेले. सुगतला त्यांनी हे सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

एके दिवशी बाकावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागेवर हात थापटला. देवरावांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे बाक तुमचं का? ती हसली. नवऱ्याच्या आठवणीचं आहे, म्हणाली. कुणीही बसावं म्हणूनच ठेवलंय. देवराव बसले. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं.

जाईबाई उभीच. "मेलेल्या मानसाच्या नावाले पाठ लावू काय? मले नाही जमत."

त्या दिवसापासून ती नवऱ्याकडून पाट्या वाचून घ्यायला लागली. आर्थर होडी वल्हवायचा. मार्गारेटला इथून दिसणारी नदी आवडायची. जोन आपल्या कुत्र्यांसोबत इथं यायची. पूर ओसरला की पितळेवर गाळ बसायचा. जाईबाई पदरानं एकेक नाव पुसत जायची आणि पुसताना विचारायची, "हे कोन म्हनलं तुमी?"

"काहून पुसतं? नगरपालिका पुसन."

"पुसू द्या. हे लोकं आपल्याशी बोलतेत तरी."

परत आल्यावर पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी जाईबाई गेली. दुपारी निजली ती उठली नाही. सुगत पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तो आठवडाभर राहिला, बहुतेक वेळ गच्चीवर. जाताना म्हणाला, "वर्षाच्या पुण्यानुमोदनाले येतो बाबा. नक्की."

अमरावतीत त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारासमोर सिमेंटची बाकं आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर 'कालकथित' आणि मग गेलेल्या माणसाचं नाव. विहाराचं काम पाहणारा संघपाल एकदा म्हणाला, "काकाजी, गेटापाशी एक जागा हाये. काकूच्या नावानं बाक बसवून घ्या."

"सुगत येऊन राहिला न. त्याच्या हातानं बसवू."

वर्षभर देवराव एवढ्यावर जगले. मुलाच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. गादी उन्हात टाकली, आत घेतली, पुन्हा टाकली.

महिना राहिला असताना सुगतचा फोन आला.

"बाबा, इथं नदीवर एका बाकाची जागा निघाली. मी आईचं नाव देऊन ठेवलं होतं."

"मंग?"

"वर्षाच्याच दिवशी पाटी लावू म्हनतो." तो थांबला. "सुट्टी एकच भेटते. दोन्हीकडं नाही जमत."

देवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईले इथं बसाले लय आवडे न, बाबा."

एक वाक्य पुरे होतं. तुझी आई तिथं एकदाही बसली नाही. एवढं म्हटलं असतं तर पोरगं पहिल्या विमानानं आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही. कालव्याचं दार थोडं उचललं की पाणी आपसूक वाट काढतं, तसं ते निघालं असतं.

"ड्युटीवरून येतो तं घरी कोनी नसते," सुगत म्हणाला. "कुलूप काढाची इच्छा होत नाही. मंग नदीवर जाऊन बसतो. तिथं आईचं नाव असलं तं..."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"लाव," ते म्हणाले.

"तुमाले वाईट वाटन."

"लाव म्हनलं न. तुह्याजवळ राहू दे तिले."

"काय लिहू मंग पाटीवर?"

"नाव लिही. अंजनगाव सुर्जी लिही."

"आनखी? इथं सगळे एखादी ओळ लिहितेत."

देवरावांनी विचार केला. "बसा म्हनून लिही. इंग्रजीत लिही, त्याइले समजलं पाह्यजे."

संघपालला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "इंग्लंडातले पोट्टे असेच राह्यतेत काकाजी. मंग तुमीच बसवून टाका."

"पाहू."

त्यांनी बसवलं नाही. एकट्याच्या हातानं ते होईना.

वर्षाच्या दिवशी संध्याकाळी विहारात माणसं जमली. खीर झाली होती. देवराव गेटाशी उभे असताना फोनवर सुगत दिसला. मागे नदी, तिकडची दुपार, वारं.

"पाटी लावली, बाबा. दाखवतो थांबा." चित्र हललं, गवत दिसलं, मग बाक. बाकावर एक जाडजूड माणूस पाठ टेकून सँडविच खात होता. पाटी त्याच्या पाठीमागे.

"आता कसं करू? उठा म्हनू त्याले?"

"नको नको. तूच तं लिहिलं, बसा म्हनून."

"तुमीच लिहाले लावलं."

दोघंही थोडे हसले. सुगत फोन धरून तिकडं उभा राहिला, देवराव इकडं.

आतून संघपालनं हाक दिली, "काकाजी, चाला, वंदना सुरू होऊन राहिली."

"हाव, आलोच," देवराव म्हणाले आणि हलले नाहीत. फोनमधल्या त्या माणसानं सँडविचच्या कागदाचा बोळा करून खिशात घातला, पाय पसरले आणि तो नदीकडं पाहत बसून राहिला.