धवल पांढरा होईपर्यंत

मामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत डबा उघडून बसलो होतो. खालच्या दुकानातल्या टेलिफोनवर डोंबिवलीहून निरोप आला होता. दुकानातला माणूस वर आला, "तुमचे मामा गेले, सकाळी" एवढंच म्हणाला, पेलाभर पाणी प्यायला आणि उतरून गेला. मी "बरं" म्हणालो आणि डबा संपवला. भेंडीची भाजी होती, तीही पुसून खाल्ली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. पुढे स्मशानात, दहाव्याला, तेराव्याला, कुठेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लोक म्हणाले, भाचा मोठा धीराचा. धीर कसला... आत काही हलतच नव्हतं. परवापर्यंत नाही. आता त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो, तर मामांच्या आधी त्यांचा घोडाच समोर येऊन उभा राहिला. तसा तो आयुष्यभर त्यांच्या पुढेच उभा होता.

माझे हे मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. दक्षिणेकडच्या एका लहानशा संस्थानात ते पागेवर कारकून होते. राजेसाहेबांची कोणती घोडी कधी व्याली, शिंगरू कोणत्या रंगाचं झालं, पुढे त्याचा रंग कसा पालटला, हे त्यांना रामरक्षेसारखं पाठ. संस्थान विलीन झालं तशी पागाही मोडली. घोडी ज्याला जशी मिळाली तशी त्याने नेली. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला राजेसाहेबांना पाठीवर घेणारी पांढरीशुभ्र चंद्रा मामांच्या वाट्याला आली. मामी आधीच वारल्या होत्या. तेव्हा सामान थोडं, मुलगी शालू एक आणि घोडी एक, असा संसार घेऊन मामा डोंबिवलीला आमच्या आजोबांच्या जागेत उतरले. शालू तेव्हा परकरातली. त्या काळी डोंबिवली म्हणजे स्टेशनाभोवती चार आळ्या, आणि पलीकडे कोपरच्या बाजूला खाडीपर्यंत भाताची खाचरं. गवताला तोटा नव्हता. मामांनी अंगणात पत्र्याचा तबेला बांधला. आमच्या नात्यात सगळे नोकरदार. कुणी शाळेत, कुणी पोस्टात. अशा घरात माणसाने घोडी बाळगावी हे आईला अजिबात पटलं नव्हतं. "हत्ती नाही आणलास हे नशीब," असं ती भावाला तोंडावर म्हणाली होती.

चंद्रा आली ती गाभण होती. त्याच वर्षी ती व्याली आणि शिंगरू झालं काळंकुट्ट. शेजारी जोमा पाटील राहायचे. त्यांची खाचरं तबेल्याला लागूनच होती. ते बघायला आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मामा, यो तं निस्ता कोलसा हाय. आई चांदनी न् पोर असा कसा?" आळीतही कुजबुज झाली. पांढऱ्या घोडीच्या पोटी काळं शिंगरू, विधुराच्या घरात, म्हणजे काही खरं नाही, असं बायका बोलल्या. मामांनी शांतपणे शिंगराचं नाव धवल ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं डोंबिवलीत हा चेष्टेचा विषय होता. धवल कोळशाच्या वखारीतून आला का, असं लोक विचारायचे.

मामा मला तबेल्यात घेऊन गेले आणि शिंगराच्या डोळ्याभोवतीचे केस बोटाने विलग करून दाखवले. काळ्यात दोन-चार पांढरे केस होते, नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत असे. "बाळ, पांढरा घोडा पांढरा जन्मत नाही," मामा म्हणाले. "जन्मतःच पांढरा तो नुकरा. त्याची कातडी गुलाबी असते, उन्हात भाजते. आपली चंद्रा तसली नाही. तिची कातडी काळी आहे, केस पांढरे. तीही जन्मली तेव्हा अशीच होती. हिच्या रक्तातच ते आहे. बाप काळा असला तर निम्मी शिंगरं बापावर जातात, निम्मी हिच्यावर. हा हिच्यावर गेलाय." मी विचारलं, मग पांढरा कधी होणार? "सातव्या वर्षी," मामा म्हणाले. "आमच्या पागेत सगळे सातव्या वर्षी झाले." आणि मग तिथेच, दाराशी उभ्या असलेल्या शालूकडे बघून ते म्हणाले, "हिचा नवरा याच्यावरून मारुतीला जाईल."

हे ते पुढे सगळीकडे सांगत सुटले. आमच्याकडे नवरदेव लग्नाआधी घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, आणि घोडा पांढराच लागतो. का, ते कुणी सांगत नाही. खंडोबाचा घोडा पांढरा, समुद्रमंथनातून निघाला तोही पांढरा, शेवटच्या अवताराने ज्याच्यावर बसून यायचंय तोही पांढरा. मग डोंबिवलीच्या नवरदेवाने करड्यावर का बसावं? चंद्रेला लग्नसराईत मागणी असायची. मामा ती द्यायचे, पण तोंड पाडून. दसऱ्याला चौघडा वाजायचा तिच्यापुढे, आता बँडवाले वाजवतात, असं म्हणायचे. धवलला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तो शालूसाठी होता. नोकरी गेली, बायको गेली, राजा गेला, आता एवढं एक काम आपण ठरवल्यासारखं होणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते तसं बोलून दाखवत नसत. पण रोज सकाळी खरारा करताना धवलच्या अंगावरचे पांढरे केस शोधत बसलेले मामा ज्यांनी पाहिलेत, त्यांना सांगायला लागत नाही.

धवल हळूहळू पालटत गेला. काळ्याचा लोखंडी करडा झाला, मग पाठीवर, पुठ्ठ्यावर रुपयाएवढे गोल फिके ठिपके उमटले. त्याच सुमाराला चंद्रेच्या शेपटीखाली काळ्या गाठी आल्या. पांढऱ्या घोड्यांना म्हातारपणी येतात म्हणे. त्या वाढत गेल्या आणि एका पावसाळ्यात ती गेली. जोमा पाटलांनी आपल्या जमिनीत तिला खड्डा दिला. मामा परत येऊन धवलची हरभऱ्याची चंदी भिजत घालून बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं मूकपण तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळतं असं म्हणवत नाही, पण ओळखीचं वाटतं.

सातवं वर्ष आलं. धवल ठिपक्यांचाच राहिला. आणि नेमकं तेव्हाच शालूला कल्याणचं स्थळ आलं. मुलगा सालस, घरचं बरं, पसंती झाली. शालू चहा घेऊन आली तेव्हा मुलाने तिला, "तुम्ही मॅट्रिकला गणित घेतलं होतंत का?" असं विचारलं आणि ती हसली, हे मी स्वतः पाहिलं. याद्या करायला मंडळी डोंबिवलीला आली. मामांनी कौतुकाने सगळ्यांना तबेल्यात नेलं. मुलाच्या आईने धवलकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हा करडा? नाही हो, शुभकार्याला पांढराच हवा. कल्याणात मिळतो की, दुसरा ठरवा." यात वाईट काही नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या बापाने "बरं" म्हटलं असतं. मामा म्हणाले, "हा पांढराच आहे. अजून दिसत नाही इतकंच. एक वर्ष थांबा."

पाहुण्यांना आधी गंमत वाटली. मग मामा खरंच बोलतायत हे लक्षात आलं. मुलाचे वडील म्हणाले, "अहो, घोड्यासाठी कुणी लग्न पुढे ढकलतं का?" मामांनी त्यांना पागेतली उदाहरणं द्यायला सुरुवात केली, कोणती घोडी, कोणतं शिंगरू, किती वर्षांनी... माझ्या आईने मध्ये पडून पाहिलं, मीही समजावलं. शालू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती. हातात तबक होतं. ती काही बोलली नाही, आणि तिला कुणी काही विचारलंही नाही. मंडळी "कळवतो" म्हणून गेली. पुढच्या वैशाखात मुलाचं लग्न झालं, ठाण्याच्या मुलीशी.

त्यानंतर धवल पांढरा झाला. व्हायचाच होता. नववं सरता सरता ठिपके विरत गेले आणि दिवाळीत तो असा निघाला की रस्त्यातली माणसं थांबून बघायची. मामांचं म्हणणं खरं ठरलं, फक्त पागेचा हिशोब त्याला लागू पडला नाही. घोडा लग्नाचा मुहूर्त बघून पिकत नाही. तोवर घोड्यापायी लग्न मोडल्याची गोष्ट कळव्यापासून कल्याणपर्यंत पोचली होती. स्थळं येईनाशी झाली. शालू इथल्याच शाळेत शिकवायला लागली. आणि मामा काळा कोट, काळी टोपी घालून, धवलचा लगाम धरून दुसऱ्यांच्या जावयांना मारुतीला नेऊ लागले. मी एकदा वाटेत भेटलो तर म्हणाले, "चाल बघ याची. आईची चाल आहे." मी हो म्हणालो. बापलेक एका घरात राहत होते, एकमेकांना जेवायला वाढत होते. घरात भांडण कधी ऐकलं नाही. पण शालू तबेल्यात पाऊल टाकत नसे, आणि मामा तिच्यासमोर घोड्याचं नाव काढत नसत. असं ते चाललं, शेवटपर्यंत. मामा हृदय बंद पडून गेले. सकाळी, चहाच्या आधी.

परवा रविवारी मी डोंबिवलीला गेलो. घोड्याचं काय करायचं ते ठरवायचं होतं. जोमा पाटलांनी भिवंडीचं एक गिऱ्हाईक आणलं होतं, चांगला माणूस होता. शालू त्याला म्हणाली, "विकायचा नाही." गिऱ्हाईक गेल्यावर पाटील तिला म्हणाले, "पोरी, त्याची उस्तवार कोन करंल? तू तं त्याला पान्याला सुदा कवा नेला नाय." ती म्हणाली, "शिकेन काका." मग आम्ही दोघंच राहिलो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "शालू, मामांवरचा राग गेला का गं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, राग लग्न मोडल्याचा नव्हता रे. त्या दिवशी बाबांनी मुलाच्या आईकडे एक वर्ष मागितलं, वडिलांकडे मागितलं. माझ्याकडे मागितलंच नाही. मी तिथेच उभी होते."

मी मामांच्या खाटेकडे पाहिलं.

"मागितलं असतं," ती म्हणाली, "तर मी दिलं असतं. दोन दिली असती. नवऱ्याला सांगितलं असतं, थांब, माझ्या बाबांना हे बघायचंय. आणि तो थांबला नसता, तर मीच थांबले असते, आनंदाने."

ती उठली, भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं उचललं आणि तबेल्याकडे गेली. मी दारात उभा राहून पाहत होतो. ते खाली कसं ठेवायचं हे तिला कळेना, घोड्याची तिला सवय नव्हती. तिने घमेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि धवल तसाच खात राहिला. मग ती त्याला, अगदी रोजच्या आवाजात, म्हणाली, "सावकाश खा. मला घाई नाही." तेवढं ऐकून मी आत वळलो. मामा गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो ते तिथे, त्यांच्या रिकाम्या खाटेवर बसून.